व्हिसासाठी बुडालेल्या घराचा पंचनामा

"आजी, व्हिसाची तयारी किती आधी सुरू करावी?" हा प्रश्न मला या ब्लॉगवर सगळ्यात जास्त विचारला जातो. कोणाला युरोप बघायचाय, कोणाला मुलीकडे जायचंय. मी प्रत्येकाला सांगते, शक्य तितक्या लवकर. पण मी हे कुठे शिकले ते कधी लिहिलं नव्हतं. शिकले मुळशीत, गुडघाभर चिखलात उभी राहून. १९६३ सालचा वैशाख होता, मी चोवीस वर्षांची होते आणि व्हिसा माझ्या वडिलांना हवा होता.

माझे वडील, म्हणजे अण्णा, पुण्यात घड्याळं दुरुस्त करत. दुकान एवढंसं, पण काम चोख. गिऱ्हाईक पाच वाजता येतो म्हणून पाच वाजून सात मिनिटांनी आलं, तर अण्णा आधी त्याला झापत आणि मग घड्याळ देत. आयुष्यभर त्यांनी स्वित्झर्लंडची घड्याळं उघडली आणि मिटली. सुट्या भागांच्या निमित्ताने तिकडच्या एका म्हाताऱ्या कारागिराशी त्यांचा पत्रव्यवहार जमला होता. मी टायपिस्ट, त्यामुळे इंग्रजी पत्रं मीच टाइप करायची. त्या माणसाने एकदा लिहिलं, "या, माझ्याकडे राहा, सगळा खर्च माझा, आमचं गाव बघा." नेमकं त्याच महिन्यात डॉक्टरांनी अण्णांना काचबिंदू असल्याचं सांगितलं. म्हणाले, दोन वर्षं, फार तर तीन. त्यानंतर दिसण्याचा भरवसा नाही.

अण्णांनी त्या संध्याकाळी भिंतीवर एक यादी लावली. पासपोर्ट काढला. फोटो इतके काढून ठेवले की आई म्हणाली, "लग्नाला एक काढवत नव्हता तुमच्याने." प्रवासाला पुरतं एक वर्ष होतं आणि अण्णांची बॅग दारात तयार होती.

अडलं ते मुंबईतल्या एजंटापाशी. हा गृहस्थ लोकांचे कागद तपासून देई. त्याने पासपोर्टवर जन्मस्थळ वाचलं: खांबोडी, तालुका मुळशी. नकाशा काढला, भिंग लावलं आणि म्हणाला, "इथे तर तलाव आहे."

"हो," अण्णा म्हणाले.

"म्हणजे तुम्ही तलावात जन्मलात?"

"जन्मलो तेव्हा गाव होतं. धरण नंतर आलं."

एजंट खुर्चीत मागे रेलला. त्याच्या मते ज्याचं मूळ गावच नाही, तो माणूस परत कशाला येईल, असा संशय कोणालाही यावा. तेव्हा दोन गोष्टी हव्यात. एक, गाव आणि घर खरंच आहे याचा सरकारी कागद. दोन, गावच्या प्रतिष्ठित माणसांचा लेखी निर्वाळा, की हा इसम गेला तरी परत येतो. खरं म्हणजे हे कुठल्याच नियमात नव्हतं, हे आम्हाला फार पुढे कळलं. पण अण्णांनी दोन्ही गोष्टी यादीत लिहिल्या आणि दुकानाला आठ दिवस कुलूप लावलं.

मला तोवर आमचं काही गाव आहे हेच धड माहीत नव्हतं. विचारलं की अण्णा म्हणायचे, "बुडालं, संपलं."

पहिला दिवस: पुणे ते पौड ते वरची खांबोडी

सकाळची एसटी घ्या, हा सल्ला आजही लागू आहे. तेव्हा कोथरूड मागे पडलं की शेतंच लागत. भूगाव गेलं, पिरंगुटच्या घाटात गाडी धापा टाकायला लागली, आणि भरे फाट्याला एक शेतकरी तीन कोंबड्या घेऊन आमच्या शेजारी बसला. त्याने विचारलं, "कुटं निगालाय?"

"स्वित्झर्लंडला," अण्णा म्हणाले. ते कोणत्याही प्रश्नाचं शेवटापासून उत्तर देत.

"त्ये कुटं आलं? पौडाच्या फुडं?"

मी मधे पडून समजावलं, की परदेशी जायचंय, त्याची तयारी म्हणून मुळशीला चाललोय. कंडक्टर ऐकत होता. तो म्हणाला, "मंग उलटं चाललाय की. इमान तिकडं हाय, मागं." सगळी गाडी हसली. अण्णांनी खिशातलं घड्याळ काढलं आणि गाडी अकरा मिनिटं उशिरा असल्याचं कंडक्टरला सांगितलं.

पौडला तलाठी भेटले. सडसडीत, छत्रीवाले, बोलायला गोड. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. मला वाटलं होतं इथे चार हेलपाटे होणार. पण त्यांनी जन्माची जुनी वही काढली आणि दहा मिनिटांत अण्णांचं नाव बोटाखाली आलं. जन्म झाला हे पक्कं झालं. घराचं मात्र अवघड होतं.

"घराचा दाखला घर बघितल्याशिवाय कसा देऊ?" भाऊसाहेब म्हणाले. "जागेवर जाऊन पंचनामा करावा लागेल. पाच पंच लागतील."

"जागेवर पाणी आहे," मी म्हणाले.

"सध्या आहे. चारेक दिवसांत तुमची आळी वर येईल." ते हे इतक्या सहज बोलले, की मी पुढची एसटी किती वाजता असं विचारल्यासारखं मान डोलावली. पावसाळ्यात धरण भरतं, पाणी घाटाखाली वीज करायला जातं आणि वैशाखात तळ उघडा पडू लागतो. ती वीज जाते मुंबईला. "उकाडा वाढू द्या. मुंबईत पंखे जोरात फिरले की तुमचं घर लवकर वर येतंय."

अण्णांनी वहीत लिहून घेतलं: पंखे.

दुपारच्या गाडीने तलावाच्या टोकापर्यंत गेलो आणि तिथून डोंगराच्या अंगाने दोन तास चाललो. (चपला नकोत, बूट घाला. पाणी सोबत ठेवा. वाटेत करवंदं फुकट आहेत.) धरणाच्या वेळी उठलेली काही घरं लांब न जाता वरच टेकाडावर बसली होती. तीच वरची खांबोडी. तिथले पोलीस पाटील धोंडिबा, अण्णांचे चुलतभाऊ. ज्या गावाचे ते पाटील होते ते वर्षातले अकरा महिने पाण्याखाली असे, पण पाटीलकी चालू होती.

धोंडिबाकाका दारात दोर वळत होते. त्यांनी अण्णांकडे बराच वेळ बघितलं.

"कोन?"

"मी बाळू."

"लक्षिमनाचा?"

"हो."

काका दोर वळत राहिले. शेवटी त्यांची बायको, ठकूबाई, गूळपाणी घेऊन बाहेर आली. "भावजी, बसा की. उबं का?" आम्ही बसलो. नाचणीची भाकरी, तलावातल्या माशांचं कालवण, वर कच्च्या कैरीची चटणी. जेवण इतकं चांगलं होतं, की काका एक शब्द बोलले नाहीत हे माझ्या उशिराच लक्षात आलं.

दुसरा दिवस: पाणी मोजण्याचा

सकाळी सगळी वस्ती काठावर. जो तो काठी रोवून काल पाणी कुठे होतं आणि आज कुठे आहे ते बघतो. आपल्याकडे लोक वर्तमानपत्र वाचतात, तसं. अण्णांनी स्वतःची काठी रोवली, शेजारी बसले आणि तासाला पाणी किती बोटं सरकतं याची नोंद करू लागले. दुपारी त्यांनी जाहीर केलं, की घराचा उंबरा परवा सव्वाअकराला उघडा पडेल. लोक हसून बेजार झाले. एक म्हातारी म्हणाली, "पान्याला बी घड्याळ बांदतुया ह्यो."

बघण्यासारखं म्हणाल तर काय नाही? समोर लाल चिखलाचा उतार, त्यात ओळीने दगडी जोती, मधून गल्ली, एका देवळाचा कळस. पण हॉटेल नाही, चहा कोणाच्या तरी चुलीवरचाच. मी त्या दिवशी कंटाळले आणि अण्णांशी भांडले. म्हटलं, चुलतभाऊ इथे असताना आम्हाला कधी सांगितलं का नाही? अण्णा म्हणाले, "अडीच बोटं." पाण्याबद्दल.

तिसरा दिवस: मी भिंतीतून गेले

वरच्या आळीतली घरं बाहेर आली होती, आणि मला त्या गावाची रीत कळली. पाणी उतरलं की प्रत्येक घरची माणसं आपापल्या जोत्यावर जातात, गाळ खरवडतात, शेणाने सारवतात, तीन दगडांची चूल मांडतात आणि एक जेवण तिथे जेवतात. मग पाऊस लागला की घर परत पाण्यात. दरसाल.

मी ठकूकाकींबरोबर गेले. त्यांच्या जोत्यावर एक पायरी सोडली तर काहीच नव्हतं, वर सगळं आकाश. मी सरळ चालत त्यांच्यापर्यंत गेले तर त्या केवढ्यांदा ओरडल्या.

"अगं, भिताडातून काय येतीस?"

"कुठली भिंत?"

"ही! दार तितं हाय. माघारी जा, दारातनं ये."

मी मागे गेले आणि दारातून आले. मग बघते तर सगळे तसेच वागत होते. पुरुष घमेली घेऊन गल्लीला वळसा घालून येत, पण शेजारच्याच्या नसलेल्या भिंतीतून कोणी जात नव्हतं. एक बाई मोकळ्या चिखलात उभी राहून दुसरीला सांगत होती, "वाईच सरक, माझ्या खिडकीत उबी राहू नगंस, उजेड येत न्हाई." मला हसू आवरेना. ठकूकाकींनी मला कांदा चिरायला बसवलं, आणि जागा बदलायला लावली, कारण मी देवघरात बसले होते.

अण्णा लांब काठावर काठीपाशी बसून होते. त्यांना कोणी आपल्या जोत्यावर जेवायला बोलावलं नाही.

चौथा दिवस: पंचनामा

आमचं जोतं उघडं पडलं. अकरा वाजून बत्तीस मिनिटांनी. अण्णा सतरा मिनिटांनी चुकले, कारण, त्यांच्या मते, मुंबईत आदल्या रात्री गार वारा सुटला असावा.

भाऊसाहेब एका हातात बूट आणि एका हातात छत्री धरून चिखलातून आले. पाच पंच गोळा झाले, धोंडिबाकाका त्यांत मुख्य. भाऊसाहेबांनी वस्तीवरून कोणीतरी आणून ठेवलेल्या ट्रंकेवर कागद ठेवून गंभीरपणे लिहायला सुरुवात केली. "चतुःसीमा. पूर्वेस?"

"पानी," पंच म्हणाले.

"पश्चिमेस?"

"पानी."

"दक्षिणेस?"

"पानीच की."

"उत्तरेस?"

"माझा गोठा," काका म्हणाले. "लिवा. पाच जनावरांचा." गोठ्याच्या जागी दोन दगड आणि एक खेकडा होता. भाऊसाहेबांनी गोठा लिहिला. घराची स्थिती या रकान्यात "ओलसर" असं लिहिलं. मी हे सगळं इंग्रजीत टाइप करणार होते आणि मनातल्या मनात रडत होते.

"आता दुसरं कलम," भाऊसाहेब म्हणाले. "सदर इसम परगावी गेला असता परत येतो, असे आम्ही पंच प्रतिज्ञेवर लिहून देतो. करा सह्या."

पेन काकांच्या हातात होतं. ते त्यांनी भाऊसाहेबांच्या खिशात परत अडकवलं.

"घराचं लिवलं, त्ये खरं हाय. ह्ये खोटं हाय."

"म्हणजे?"

"चाळीस वरसं झाली. ह्यो परत आला न्हाई. हितनं पुनं येका दिवसाच्या वाटंवर, दरसाल घर वर येतंय, समद्यांची मानसं येत्यात, मंबईवरनं येत्यात. ह्याचं जोतं मोकळं. आनि आमी लिवून द्यायचं, ह्यो परत येतो?"

भाऊसाहेब म्हणाले, "अहो, एक रीत म्हणून—"

"परतिज्ञा म्हनलासा न्हवं?"

मला इतका राग आला. एवढी सगळी तयारी, अण्णांचे डोळे, सगळं त्या एका हट्टी माणसापाशी अडलं होतं. मी तोंड उघडलं, पण अण्णांनी हात वर केला. ते चिखलात उभे होते आणि त्यांचा आवाज मी कधीच ऐकला नव्हता इतका बारीक झाला होता.

"लोक धरणाविरुद्ध बसले होते तेव्हा आमच्या बापाने मोबदला घेतला. गावात पहिल्यांदा. रात्रीत उठलो आम्ही. मला लाज वाटत होती धोंडिबा, दरसाल वाटत होती."

"बापाचं बापापाशी," काका म्हणाले. "त्यो मेला. तू पोरगा व्हतास अकरा वरसांचा, तुला कोन काय बोललं असतं? दरसाल मी तुज्या जोत्यावरला गाळ काडतुया. का? तू यील म्हनून. तू आला न्हाईस."

पाणी दगडांवर हळूहळू चुळचुळत होतं. मी पहिल्यांदाच खाली नीट बघितलं. आमच्या जोत्यावरचा गाळ चाळीस वर्षांचा नव्हता, शेजारच्याइतकाच, एका सालाचा होता.

अण्णांनी धोतर वर खोचलं, ठकूकाकींच्या पुढ्यातलं शेणाचं घमेलं उचललं आणि जोत्याच्या कडेपाशी येऊन थांबले. एक पाय उचलला, परत खाली ठेवला. डाव्या डोळ्याने त्यांना तेव्हाच कमी दिसू लागलं होतं. ते इकडे सरकले, तिकडे सरकले. घमेल्यातून पाणी त्यांच्या पायावर गळत होतं.

"धोंडिबा," ते म्हणाले, "दार कुठं रे आपलं?"

काका पुढे आले. त्यांनी अण्णांचा दंड धरला आणि त्यांना चार पावलं उजवीकडे नेलं. "हितं. वाकून जा, चौकट बुटकी हाय." आणि माझे वडील, जे आयुष्यात कोणापुढे वाकले नव्हते, त्या मोकळ्या हवेत वाकून आत गेले.

त्यांनी सगळं जोतं एकट्याने सारवलं. चिमट्याने केसाएवढी स्प्रिंग उचलणारा हात तो, कोपऱ्यात अगदी बारकाईने फिरत होता. मग ठकूकाकींनी चूल मांडली आणि आम्ही, पंच आणि भाऊसाहेब, सगळे तिथे जेवलो. जेवताना मी कोपऱ्यात बसून खूप रडले. का ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आज सांगते, मला माझे वडील आवडत होते, पण त्या दिवशी ते मला पहिल्यांदा कळले.

हात धुतल्यावर काका म्हणाले, "लिवा, भाऊसायेब. मी सांगतो त्ये."

दोन प्रती झाल्या. एक आम्हाला, एक पाटलाच्या दप्तराला. दुसरं कलम असं होतं: "सदर इसम उशिरा येतो, पण येतो." पाच सह्या, त्यांत तीन अंगठे.

अण्णांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा पडला. "उशिरा?" ते म्हणाले. घड्याळजी माणूस. तो शब्द आणि तोही सरकारी कागदावर. त्यांनी हरकत घेतली. पंचांनी ती एकमताने फेटाळली.

मुंबई, आणि पुढे

स्वित्झर्लंडच्या वकिलातीत काउंटरवरच्या गृहस्थांनी आमचे कागद भराभर चाळले आणि पंचनाम्याकडे न बघता शिक्का उचलला. कोणी मागितलाच नव्हता तो! मी सुटकेचा निःश्वास सोडला, पण अण्णांनी काचेखालून कागद पुढे सरकवला. "वाचा," ते म्हणाले. चिखलात चार दिवस काढले होते, कोणी वाचल्याशिवाय ते हलणार नव्हते.

गृहस्थांनी माझं इंग्रजी भाषांतर वाचलं. "घर ओलसर" पाशी थांबले. मग शेवटची ओळ वाचून चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, "किती उशिरा?"

"चाळीस वर्षं," अण्णा म्हणाले. मी डोळे मिटून घेतले.

शिक्का बसल्याचा आवाज आला. एक महिन्याचा व्हिसा.

पुढच्या चैत्रात अण्णा स्वित्झर्लंडला गेले. म्हाताऱ्या कारागिराच्या घरी राहिले, कारखान्यात मोठ्या खिडक्यांपाशी वाकून बसलेले कारागीर त्यांनी डोळे भरून बघितले, एक पत्र पाठवलं. महिन्याचा व्हिसा होता, पण अठराव्या दिवशी ते मुंबईत उतरले आणि घरी न येता पौडच्या गाडीत बसले. आईला वाटलं विमान चुकलं. ते चिखलाने माखलेली बॅग घेऊन चार दिवसांनी घरी आले. स्वित्झर्लंड कसं होतं असं विचारलं तर "स्वच्छ आहे" एवढंच म्हणाले, आणि यंदा पाणी कसं खाली गेलं, जात्याचा दगडही कसा सापडला, हे जेवण होईपर्यंत सांगत राहिले. शिवाय ते संतापलेले होते. त्यांनी काकांना सांगितलं होतं, मी आज वेळेवर आलोय, दप्तरातला "उशिरा" खोडा. काका म्हणाले होते, "येका सालानं काय व्हतंय? फुडल्या साली बगू."

पुढल्या साली अण्णा परत खांबोडीला गेले. त्याच्या पुढच्या सालीही. डोळे पुरते गेल्यावर मी त्यांना काठापर्यंत न्यायची, तिथून ते माझा हात सोडून एकटे चालत आणि बरोबर दारातून आत जात. काका दरसाल तेच म्हणत, आणि अण्णा दरसाल घरी येऊन तणतणत आणि मला कॅलेंडरवर पुढचा वैशाख शोधायला लावत.

अशी तेरा-चौदा वर्षं गेली. एकदा धोंडिबाकाका औषधपाण्यासाठी आमच्याकडे पुण्याला आले होते. अण्णा आत झोपले होते. मी चहा दिला आणि म्हटलं, "काका, आता तरी तो शब्द खोडा की. किती वर्षं येतायत ते. तुम्हाला दिसत नाही का?"

काकांनी बशीतला चहा संपवला. आतल्या खोलीकडे एकदा बघितलं आणि हळूच म्हणाले,

"दिसतंय की. पन खोडला, आनि फुडल्या साली त्यो आलाच न्हाई, तर?"